कॅम्पवरून दर वेळी अर्ध्या बाटल्या परत येतात आणि अन्न फेकावं लागतं? कारण शोधून उपाय करू

तक्रार बहुतेक सगळ्यांची एकसारखी असते. दोन रात्रींच्या कॅम्पला केचपची मोठी बाटली नेली, ती जवळजवळ भरलेलीच परत आली. मेयोनीज दुपारभर उन्हात राहिलं म्हणून टाकून द्यावं लागलं. तेलाची बाटली सॅकमध्ये पाझरली. मिरपूड तिघांनी आणली आणि मीठ कुणीच आणलं नाही. निघायच्या सकाळी अर्धा ब्रेड, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात आणि चिरून ठेवलेला टोमॅटो यांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, तेव्हा सगळं कचऱ्याच्या पिशवीत गेलं. घरी आल्यावर ठरतं, ‘पुढच्या वेळी जरा कमी नेऊ.’ पुढच्या वेळी पुन्हा हेच.

‘जरा कमी’ हा उपाय लागू पडत नाही, कारण किती कमी ते कुणालाच ठाऊक नसतं. ऐन वेळी मनात येतं, कमी पडलं तर? आणि हात पुन्हा मोठ्या बाटलीकडे जातो. माझ्या मते मूळ दोष मापात आहे. आपण खातो चमच्यांनी आणि सामान भरतो बाटल्यांनी. लागणारे चमचे आधी मोजले, की ओझं, गळती, नासाडी आणि शिळं अन्न या चारही तक्रारींवर हात घालता येतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ मी त्या मोजणीवर घालवणार आहे.

आधी बघा, वाया नेमकं काय जातंय

परत आल्यावर सॅक घाईने रिकामी करू नका. उरलेलं सगळं टेबलावर मांडा आणि तीन ढीग करा: अजिबात न उघडलेलं, उघडलेलं पण चांगलं, आणि खराब झालेलं. पहिला ढीग मोठा असेल तर सामान ठरवताना जेवणांची यादी हाताशी नव्हती. दुसरा मोठा असेल तर पदार्थ बरोबर निवडले, पण बाटल्या फार मोठ्या नेल्या. तिसरा मोठा असेल तर दोष साठवणीत आहे: बर्फ, झाकण किंवा ऊन.

चौथा ढीग दिसत नाही. तो म्हणजे कॅम्पवरच फेकलेलं अन्न. त्यासाठी कचऱ्याच्या पिशवीवर मार्करने लिहायची सवय लावा: ‘भात, दोन वाट्या’, ‘ब्रेड, पाच काप’. घरी येईपर्यंत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि नेमकी हीच नोंद सगळ्यात उपयोगी पडते.

बाटल्या भरलेल्याच परत येतात

कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक सगळी जेवणं लिहा, न्याहारीपासून शेवटच्या दिवसाच्या दुपारच्या खाण्यापर्यंत. प्रत्येकासमोर त्यात लागणारं तोंडीलावणं (सॉस, तेल, मीठ, मसाले) लिहा आणि पुढे माणशी चमचे. छोटा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली, एवढं माप पुरेसं आहे.

चार माणसं आणि दोन रात्रींचा हिशेब मांडून दाखवतो. एका न्याहारीला अंडी, त्यासोबत माणशी एक मोठा चमचा केचप: ६० मिली. एका रात्री भाजलेले बटाटे, त्यालाही तेवढंच: ६० मिली. म्हणजे केचप १२० मिली, संपलं. एका दुपारच्या सँडविचला मोहरीचा सॉस माणशी एक छोटा चमचा: २० मिली. तेल अंड्यांना दोन मोठे चमचे, पास्त्याला दोन, बटाट्यांना तीन: १०५ मिली, थोडं वाढवून १२० मिली. सोया सॉस फक्त एका रात्रीच्या भाताला दोन मोठे चमचे: ३० मिली. चार बाटल्यांची जागा चार लहान कुप्यांनी घेतली आणि सगळ्यांचं मिळून माप ३०० मिलीच्या आत राहिलं.

कमी पडण्याची भीती असते तिचाही बंदोबस्त हवा, नाहीतर निघायच्या आदल्या रात्री यादी मोडते. मी एकूण मापात सरसकट वाढ करत नाही. ज्या गोष्टी संपल्या तर जेवणच अडतं, त्यांत वाढ करतो: मीठ आणि तेल. केचप दोन चमचे कमी पडला तर कुणी उपाशी राहत नाही. मीठ संपलं तर मात्र पुढचं प्रत्येक जेवण बिघडतं.

यादी झाल्यावर ती आडवी नाही, उभी वाचा. एखादं तोंडीलावणं एकाच जेवणात दिसत असेल तर त्याला विचारा, तू खरंच हवंस का? बहुतेक वेळा त्या जेवणाला यादीतलंच दुसरं काहीतरी चालतं. जे दोन किंवा अधिक जेवणांत लागतं ते तोंडीलावण्यांच्या डब्यात जातं, बाकीचं घरी राहतं. एकाच जेवणासाठी काही न्यायचंच असेल तर ते त्या जेवणाच्या पिशवीत, नेमक्या मापाने भरून टाका. पास्त्याच्या पिशवीतच पास्त्याचा मसाला असला की वेगळी कुपीही नको आणि शोधाशोधही नको.

पहिल्या हिशेबात अंदाज चुकणारच. त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. निघताना प्रत्येक कुपी भरलेल्या स्थितीत तोलायची, आल्यावर पुन्हा तोलायची, आणि फरक लिहून ठेवायचा. मिलीत बदल करत बसू नका, ग्रॅमच धरा. केचप पाण्यापेक्षा थोडा जड आणि तेल थोडं हलकं असतं, त्यामुळे दोन मापं मिसळली की गोंधळ होतो. दोन-तीन कॅम्पांत तुमच्या गटाचे खरे आकडे हाती येतात, आणि ते कुठल्याही तयार यादीपेक्षा भरवशाचे असतात. काही घरांत मोहरीला कुणी हात लावत नाही, काहींत ती सगळ्यात आधी संपते. हे बाहेरचा माणूस सांगू शकत नाही.

गट मोठा असेल तर आणखी एक नियम हवा: तोंडीलावण्यांचा डबा एकाच्याच ताब्यात. ‘प्रत्येकाने थोडं थोडं आणा’ म्हटलं की तीन मिरपुडी येतात आणि मीठ राहून जातं. डबा ज्याच्याकडे, त्याने यादी करायची, भरायचं आणि परत न्यायचं. बाकीच्यांनी आपापल्या खास आवडी त्याला आधी कळवायच्या.

एकदा वापरून टाकायच्या लहान पुड्यांबद्दल लोक हटकून विचारतात. एकट्याने पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत हे खरं. पण त्यांची पाकिटं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांची असतात, त्यामुळे त्यांचा पुनर्वापर अवघड जातो. शिवाय फाडलेला कोपरा गवतात पडला की सापडत नाही. मी त्या फक्त मेयोनीजसाठी वापरतो, कारण विकतच्या मेयोनीजची न उघडलेली पुडी बर्फाशिवाय टिकते आणि एका वेळी लागेल तेवढीच उघडता येते.

सॉस आणि तेल पाझरतं

गळतीची कारणं बहुधा दोनच, आणि दोन्ही तोंडाशी. एक म्हणजे झाकणाच्या आट्यांत राहिलेला सॉस. झाकण घट्ट लावलंय असं वाटतं, पण मध्ये सॉसचा थर असल्यामुळे ते नीट बसलेलं नसतं. कुपी भरल्यावर आणि प्रत्येक वापरानंतर तोंड कागदाने पुसा, मग झाकण लावा. एवढ्याने अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात.

दुसरं कारण आत अडकलेली हवा. गाडी उन्हात उभी राहिली किंवा तुम्ही उंचावर गेलात की ती हवा प्रसरण पावते आणि सॉसला बाहेर ढकलते. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण ७० टक्के उरतो, म्हणजे बंद बाटलीतली हवा जवळजवळ १.४ पट जागा मागते. अर्धी रिकामी बाटली पूर्ण भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त का गळते, ते यावरून कळेल. म्हणून सॉसच्या मापाची कुपी निवडा आणि काठोकाठ भरा. दाबता येणारी बाटली असेल तर झाकण लावण्याआधी ती किंचित दाबून हवा काढून टाका. तिच्या बाजू थोड्या आत गेलेल्या दिसल्या म्हणजे वर चढताना फुगायला जागा आहे. उंचावर पोहोचल्यावर झाकण हळूच सैल करून दाब सोडा, मगच उघडा.

टिचकीने उघडणारी झाकणं सॅकच्या दाबाने उघडतात. आट्यांचं झाकण घ्या. कुपी अन्नासाठीच बनवलेली असावी. प्रवासी शॅम्पूच्या बाटल्यांत सॉस भरू नये, त्यांचं प्लास्टिक अन्नासाठी असेलच असं नाही आणि वासही जात नाही. नवी कुपी आधी पाण्याने भरून, कागदावर उलटी ठेवून रात्रभर तपासा. तेल दुहेरी पिशवीत आणि शिजवायच्या पातेल्याच्या आत ठेवलं तर पाझरलं तरी कपड्यांपर्यंत जात नाही.

स्ट्रॉचे तुकडे करून दोन्ही टोकं तापवून बंद करायची युक्ती बरीच फिरते. कोरड्या मसाल्यांना ती ठीक आहे. पातळ पदार्थांसाठी मला पटत नाही: एकदा कापलं की पुन्हा बंद होत नाही, धुता येत नाही, आणि मागे प्लास्टिकचे तुकडे उरतात. काही जण सॉससाठी कॉन्टॅक्ट लेन्सच्या डब्या वापरतात, पण त्या पाठीवरच्या वजनाखाली उघडतात.

खराब होण्याच्या भीतीने फेकावं लागतं

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. चांगला सॉस फेकला जातो आणि धोकादायक पदार्थ ‘वास तर ठीक आहे’ म्हणून खाल्ला जातो.

केचप, मोहरीचा सॉस, सोया सॉस, व्हिनेगर, व्हिनेगर घातलेला तिखट सॉस, मध, जॅम, पीनट बटर. हे सगळे उघडल्यानंतरही दोन-तीन दिवस बर्फाशिवाय राहू शकतात. केचप आणि मोहरीत आम्ल भरपूर असतं, सोया सॉसमध्ये मीठ, मध-जॅममध्ये साखर. केचपचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास असतो, आणि बोट्युलिझम ही अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा घडवणारा जिवाणू ४.६ च्या खाली वाढत नाही. बाटलीवर ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा’ असं लिहिलेलं असतं ते मुख्यतः रंग आणि चव महिनोन्‌महिने टिकावी म्हणून. कमी साखरेचा जॅम मात्र या यादीत बसत नाही, त्याला थंडावा लागतो. मध गोठून दाणेदार झाला तर तो खराब झालेला नसतो, कुपी कोमट पाण्यात धरली की पातळ होतो. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये, कॅम्पवर असो की घरी.)

मेयोनीज, मलईचे किंवा दह्याचे सॉस, चीजचे सॉस हे दुसऱ्या गटातले. वीज गेल्यावर फ्रिजमधलं काय ठेवावं आणि काय टाकावं याची यादी अमेरिकेच्या शासकीय अन्नसुरक्षा यंत्रणांनी दिलेली आहे, ती कॅम्पलाही जशीच्या तशी लागू पडते. उघडलेलं मेयोनीज १० अंश सेल्सिअसच्या वर आठ तासांहून जास्त राहिलं तर टाका, आणि मलईचे ड्रेसिंग टाका, असं ती सांगते. केचप, मोहरी, सोया सॉस, जॅम ठेवायच्या यादीत आहेत. कच्च्या अंड्याचं घरी केलेलं मेयोनीज मी बर्फाचा भरवसा असतानाही नेत नाही.

एका पदार्थाबद्दल विशेष काळजीने सांगायचं आहे: तेलात बुडवलेला ताजा लसूण. चवीला सुरेख, भरायला सोपा, म्हणून कॅम्पसाठी लोक तो हौसेने घरी करतात. पण लसणाला आम्ल नाही आणि तेलाखाली हवा नाही. बोट्युलिझमच्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटच्या सँडविचमधून ३६ जणांना बोट्युलिझम झाला, तो फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे. चव किंवा वास बदलत नाही, त्यामुळे हुंगून काही कळत नाही. कॅम्पला लसणाची कोरडी पूड न्या, किंवा अख्खा लसूण नेऊन तिथेच सोला.

आणि चमचा. उष्टा चमचा बरणीत बुडला की वरचे सगळे हिशेब बिघडतात. ब्रेडचे कण आणि लोण्याचे अंश जॅमला बुरशी आणतात. दाबून काढता येणाऱ्या कुप्या म्हणून बऱ्या; बरणी असेल तर तिचा चमचा वेगळा आणि तो कुणाच्या ताटात जाणार नाही असा.

थंडीत समस्या उलटी. मेयोनीज गोठलं की वितळल्यावर तेल वेगळं होतं, पुन्हा एकजीव होत नाही. ऑलिव्ह तेल घट्ट होतं, पण ते बिघडलेलं नसतं. स्वयंपाकाच्या अर्धा तास आधी कुपी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

आइसबॉक्स दुसऱ्या दिवशीच गरम होतो

बर्फाला थंड करायचं काम कमी द्या, गोष्टी थंड राखायचं काम द्या. ३० अंशांची एक लिटर पाण्याची बाटली ४ अंशांवर आणायला सुमारे ३२५ ग्रॅम बर्फ वितळतो. अशा चार बाटल्या टाकल्या की सव्वा किलोहून जास्त बर्फ पहिल्याच संध्याकाळी गेला. सगळं आदल्या रात्री फ्रिजमध्ये थंड करा, आइसबॉक्सही आत थोडा बर्फ ठेवून गार करून घ्या. मोठा सलग ठोकळा चुऱ्यापेक्षा हळू वितळतो. पाण्याच्या बाटल्याच गोठवून नेल्या तर वितळल्यावर पिता येतात आणि सगळं ओलं होत नाही.

पेयांचा डबा वेगळा ठेवा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडलं जातं ते पेयांसाठी आणि त्यात मांस-दुधाचा थंडावा जातो. वरची तोंडीलावणी चमचे मोजून आणली असतील तर आइसबॉक्समध्ये फक्त मेयोनीजसारखी एखादी कुपी जाईल. केचपच्या बाटलीने तिथली जागा अडवू नये. कच्चं मांस तळाशी, बंद डब्यात.

शिजवलेलं अन्न उरतं

शिजवलेलं अन्न हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर तासाभराहून जास्त नाही. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं: बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात रात्रभर बाहेर राहिला तर त्याने सोडलेलं विष सकाळी पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून ‘रात्रीचा भात सकाळी परतू’ हा बेत फक्त बर्फ नक्की असेल तरच आखावा. बर्फ नसेल तर रात्री उरताच कामा नये.

न उरण्यासाठी पुन्हा मोजणीच. मोठ्या माणसाला एका जेवणाला कोरडा पास्ता ७५ ते १०० ग्रॅम, तांदूळ ६० ते ७५ ग्रॅम. दिवसभर चालून आलेल्याला त्यापेक्षा जास्त. घरीच माणशी तोलून, प्रत्येक जेवणाची पिशवी वेगळी बांधा. कॅम्पवर मोठ्या पिशवीतून ‘अजून एक मूठ’ घालायची ओढ फार असते आणि ती मूठच शेवटी कचऱ्यात जाते. सगळ्यांची भूक सारखी नसते, तर भुकेल्यासाठी बिस्किटं, सुका मेवा अशा न शिजवायच्या गोष्टी राखून ठेवा. त्या उरल्या तरी परत नेता येतात.

तोंडीलावण्यांचा इथे मोठा उपयोग आहे आणि तो फारसा कुणी करत नाही. सॉस पातेल्यात घालू नका, ताटात घाला. साधा शिजवलेला बटाटा दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये जाऊ शकतो, सूपमध्ये जाऊ शकतो, तेलावर परतता येतो. त्यावर केचप ओतून ढवळलं की त्याचा एकच पदार्थ झाला, आणि तो ज्याला नको त्याला तसाच टाकावा लागतो. सॅलडचंही तसंच: व्हिनेगर आणि मीठ घातलेली पानं तासाभरात पाणी सोडतात, न घातलेली बर्फात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. वाढण्याआधीच थोडा भाग स्वच्छ डब्यात काढून लगेच बर्फात ठेवला तर तो उष्टा होत नाही.

जेवणांचा क्रम नासाडीच्या क्रमाने लावा. पहिल्या रात्री मांस, मासे, पालेभाज्या. दुसऱ्या दिवशी अंडी, चीज, टोमॅटो. शेवटी बटाटे, कांदे, कोरडा पास्ता, डबाबंद पदार्थ. आणि शेवटचं जेवण मुद्दाम मोकळं सोडा. त्याची यादी करायची नाही, फक्त सूप, अंडी किंवा पास्ता असा एक आधार ठेवायचा आणि त्यात उरलेल्या भाज्या, चीजचा तुकडा, सॉसचे शेवटचे चमचे घालायचे. उरलेला टोमॅटो, मोहरी, थोडा सोया सॉस आणि मिरपूड एवढ्यात सूपला छान चव येते. हे एक जेवण आखलं की निघायच्या सकाळची फेकाफेक खूप कमी होते. अनेकांना मी हा उपाय सगळ्यात आधी करायला सांगतो, कारण त्याला ना वजनकाटा लागतो ना नवीन कुपी.

बाटल्याच नकोत तेव्हा

लांब चालायचं असेल तर कोरडे पर्याय वजन आणि गळती दोन्ही वाचवतात. मोहरीची पूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की झणझणीत होते. गरम पाणी घातलं तर ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तो तिखटपणा येतो ते निकामी होतं आणि चव मिळमिळीत लागते. लिंबाऐवजी सायट्रिक आम्लाचे चिमूटभर कण, टोमॅटोऐवजी टोमॅटोची पूड. टोमॅटोचा दाट गर किंवा केचप पातळ थरात पसरून सुकवणीयंत्रात साधारण ६० अंशांवर वाळवला तर त्याची चामड्यासारखी पोळी होते. तुकडे करून न्या, गरम पाण्यात पुन्हा सॉस होतो. मेयोनीजवर असा प्रयोग करू नका, तेल वाळत नाही.

मीठ आणि मसाल्यांची पूड ओलसर हवेत गठ्ठा होतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेऊ लागतं, म्हणून पुठ्ठ्याचं खोकं नको, आट्यांच्या झाकणाची छोटी कुपी हवी. आणि उकळत्या पातेल्यावर ती उलटी धरू नका. वाफ आत शिरते. हातावर घेऊन घाला.

तरीही उरलंच तर

पुरू नका आणि जाळू नका. पुरलेलं अन्न प्राणी उकरून काढतात. ओलं अन्न शेकोटीत पूर्ण जळत नाही, आणि ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट तर राखेत तसंच राहतं. ‘लीव्ह नो ट्रेस’च्या, म्हणजे निसर्गात मागे खूण न ठेवता फिरण्याच्या, सात तत्त्वांतलं साधं सांगणं असं आहे, की जे नेलं ते सगळं परत आणा. फळांच्या साली, अंड्यांची टरफलं, सॉसचा शेवटचा घास, सगळं. त्यासाठी घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा जातानाच घ्या, पिशवी फाटते आणि वास सुटतो.

भांडी धुण्याआधी पातेलं आणि ताटं रबरी पळीने निपटून घ्या किंवा ब्रेडच्या तुकड्याने पुसून खा. खरकट्याचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जा, गाळणीने कण वेगळे करून डब्यात टाका आणि गाळलेलं पाणी विरळ शिंपडा.

रात्री तोंडीलावण्यांचा डबा तंबूत ठेवू नये. मधाचा आणि सॉसचा वास माणसाला येत नसला तरी प्राण्यांना येतो. अमेरिकेतल्या योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात रानात मुक्काम करणाऱ्यांना अन्न आणि वासाच्या सगळ्या वस्तू अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवणं बंधनकारक आहे. त्या डब्यात जागा मर्यादित असते, म्हणजे चमचे मोजण्याचं हे आणखी एक कारण.

घरी आल्यावर कुपीतला उरलेला सॉस मूळ बाटलीत परत ओतू नका. तो उन्हातून, अनेकांच्या हातांतून आलेला असतो. फ्रिजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात संपवा. मोहरीच्या कुपीत तळाशी चिकटलेलं असेल तर त्यातच थोडं व्हिनेगर, दुप्पट तेल आणि मीठ घालून जोरात हलवा, एका वेळच्या सॅलडचं ड्रेसिंग तयार होतं. मेयोनीज उरलं असेल आणि ते किती वेळ गरम राहिलं याची खात्री नसेल तर मात्र टाका. कुप्या गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, झाकणं वेगळी ठेवून पूर्ण कोरड्या करा, कारण आट्यांत ओल राहिली की तिथेच बुरशी धरते. मग नेलेलं आणि आणलेलं वजन लिहिलेला कागद घडी करून डब्यातच ठेवा.